गाऱ्हाणे कोणापुढे?

गवळणींची गाऱ्हाणी मराठी माणसाच्या कानावर इतक्या लहानपणापासून पडलेली असतात, की त्यांतली एक साधी गोष्ट आपल्या ध्यानातच येत नाही. ज्या पोराबद्दल ही गाऱ्हाणी आहेत ते पोर यशोदेच्या पोटचे नव्हे. तिला हे ठाऊक नव्हते, हे खरे. पण गवळण रचणाऱ्या कवीला ते ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. शिंकी तोडली, लोणी चोरले, घागर फोडली, वाट अडवली, हीच यादी आज एखाद्या फौजदारापुढे ठेवली तर चोरी, परक्या घरात शिरणे, मालाची नासधूस अशी चारपाच कलमे सहज लागतील. मथुरा काही दूर नव्हती. तेथे राजा होता, पहारेकरी होते, आणि गोकुळचे दूधलोणी त्याच वाटेने बाजाराला जात होते. तरीसुद्धा एकाही गवळणीला त्या वाटेवर थांबून राजाच्या चौकीत डोकवावेसे वाटले नाही. ती आली ती यशोदेच्या दाराशी. यशोदेने कधी तिचे ऐकून घेतले, कधी तिलाच चार शब्द सुनावले, आणि एकदा तर पोराला उखळाला बांधून घातले. पण बांधले ते तिने, आपल्या अंगणात आणि आपल्या दाव्याने.

समजा, एके दिवशी यशोदाच उठून मथुरेला गेली असती आणि "या पोराने माझे मडके फोडले, याला आत घ्या," असे म्हणाली असती, तर? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु मी बरेच दिवस त्याच्या मागे लागले आहे. कारण चांगल्या सधन आणि कायदा मानणाऱ्या देशांतून ही गोष्ट घडत आली आहे, आणि आपल्याकडेही ती घडू शकेल अशी सारी मांडामांड आहे.

ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा असून जे मारझोड करतात, उपाशी ठेवतात, व्यसनाच्या पायी त्याला विसरून जातात, अशा मुलाला सरकार आपल्या छायेखाली घेते. अमेरिकेत अशी मुले २०२३ साली साडेतीन लाखांच्या आसपास होती. कोर्टाच्या हुकुमाने ती घरातून काढली जातात. काहींना नातेवाईक सांभाळतात, काहींना सरकारकडून खर्च घेऊन परके कुटुंब सांभाळते, आणि ज्यांना कोणीच घेत नाही, विशेषतः मिसरूड फुटू लागलेली मुले, ती 'ग्रुप होम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहानशा वसतिगृहांत जातात. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या मुलांनी काहीही केलेले नसते. जे घडलेले असते ते त्यांच्यावर घडलेले असते. कोर्टाच्या पहिल्या कागदावर त्यांचे नाव अन्याय सोसणारा म्हणून चढते. मग त्यांतल्या कित्येकांचे नाव दुसऱ्या कोर्टाच्या कागदावर आरोपी म्हणून कसे येते?

पुष्कळ लोक याचे उत्तर फार लवकर देतात. ज्याने मार खाल्ला तो मारायला शिकतो; बी तसे झाड. या उत्तरात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण ते अपुरे आहे. लॉस एंजेलिस परगण्यातल्या हजारो मुलांच्या नोंदी जोसेफ रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २००८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुटुंबात ठेवलेल्या मुलांशी तुलना करता, एकदा तरी ग्रुप होममध्ये राहिलेल्या मुलांच्या वाट्याला अटक येण्याचा संभव सुमारे अडीच पट आढळला. अवघड मुलेच तेथे पाठवतात, हा आक्षेप त्यांनाही सुचला होता; म्हणून शक्य तितकी सारख्या पूर्वायुष्याची मुले जुळवून त्यांनी ही तुलना केली. म्हणजे बी सारखे धरले तरी जमीन बदलली की पीक बदलते. तेव्हा जमिनीकडे पाहणे भाग आहे.

आधी आपल्या घरची जमीन पाहू. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बहुतेक घरांतून फराळाचे डबे वरच्या फळीवर गेलेले असतील, आणि वरची फळी म्हणजे काही तिजोरी नव्हे. माझ्या आत्याला बेसनाचे लाडू मोजून ठेवण्याची सवय होती. एका दिवाळीत लाडू तर कमी झालेच, पण तिच्या बटव्यातली दहाची नोटही नाहीशी झाली, आणि त्याच संध्याकाळी माझ्या धाकट्या आतेभावाच्या खिशातून टिकल्यांच्या डब्या निघाल्या. घर पाहुण्यांनी भरलेले होते. आत्या चकार शब्द बोलली नाही. भाऊबीज झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, तेव्हा तिने त्याला माजघरात बोलावून घेतले. तेथे काय बोलणे झाले ते आम्हां भावंडांना आजतागायत कळलेले नाही. एवढे दिसले, की पुढे पंधरा दिवस घरातली पितळेची भांडी तो घासत होता. आतोबांच्या कानावर तिने ही गोष्ट घातली नाही. कितीतरी वर्षांनी विषय निघाला तेव्हा म्हणाली, "दहा रुपये माझे होते. मी ते बुडीत खाती टाकले."

बुडीत खाती टाकले! मला वाटते, सारा प्रश्न या तीन शब्दांत आहे. आत्याला शिक्षा करण्याचा अधिकार होता हे कोणीही कबूल करील. पण त्याहून मोठा अधिकार तिच्यापाशी होता, तो सोडून देण्याचा. क्षमा ही आपण अंतःकरणाची गोष्ट समजतो. ती तशी आहेच. परंतु तिला मालकीही लागते. शेजाऱ्याचे दहा रुपये गेले असते तर आत्याला ते बुडीत खाती टाकता आले नसते. ज्याचे नुकसान झाले त्यानेच क्षमा करावयाची, आणि घर ही अशी जागा आहे की जिथे बहुतेक नुकसान घरच्याच माणसाचे होते.

आता ग्रुप होममध्ये चला. एका मुलाने रागाच्या भरात ताटली भिंतीवर फेकली. ताटली कोणाची? ती संस्थेची. तिथे त्या वेळी कामावर असलेला माणूस आठ तासांच्या पाळीवर आलेला आहे. पाळी संपली की तो दुसऱ्याला किल्ल्या देऊन घरी जाणार. ताटली त्याची नव्हे, भिंत त्याची नव्हे, मुलगाही त्याचा नव्हे. त्याच्यापुढे एक छापील फॉर्म आहे आणि एक टेलिफोन आहे. फॉर्म न भरला आणि उद्या काही विपरीत घडले, तर नोकरी त्याची जाणार. भरला तर कोणी त्याला दोष देणार नाही. माणूस दुष्ट असण्याची काहीच गरज नाही. तो कनवाळू असला तरी परक्याची ताटली माफ कशी करणार? मग घरात जिला आदळआपट म्हणतात तिला तेथे मालमत्तेची हानी म्हणतात. दोन भावांची जुंपली असे जिला म्हणतात ती मारहाण ठरते. आणि पोर रुसून मित्राकडे गेले, ते फरारी होते. शब्द बदलले की खाते बदलते आणि खाते बदलले की कोर्ट बदलते.

अर्थात, त्या नोकराची बाजूही हलकी लेखता येत नाही. सोळा वर्षांच्या धिप्पाड मुलाने जिच्यावर हात उगारला आहे, अशा बाईला 'आईसारखी वाग' असे दुरून सांगणे फार सोपे आहे. आईलाही कधी कधी पोलीस बोलवावे लागतात. पण आई ते कधी करते? सारे उपाय हरले म्हणजे, आणि केल्यानंतर तिला झोप लागत नाही.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कोर्टात घडतो, आणि तो मला पहिल्याहून अधिक बोचतो. न्यूयॉर्क शहरात अल्पवयीन मुलाला अटक झाली की त्याचे आईवडील किंवा पालक येऊन त्याला घेऊन जाऊ शकतात. कोणी आलेच नाही तर मुलाला डांबून ठेवावे लागते. सरकारच्या छायेतल्या मुलाला घ्यायला कोण येणार? त्याचा पालक म्हणजे एक खाते, आणि खात्याला आपले मूल पकडले गेले आहे याची वार्ताच नसे. तेव्हा ज्या किरकोळ आरोपावर शेजारच्या मुलाला त्याची आई कान धरून घरी नेत असे, त्याच आरोपावर हा मुलगा कोठडीत राही. हे ध्यानात आल्यावर व्हेरा इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या संस्थेने १९९८ साली 'प्रोजेक्ट कन्फर्म' नावाचे काम सुरू केले. काम अगदी साधे. पोलिसांनी मूल आणले की एक फोन करावयाचा. हे मूल सरकारच्या छायेतले आहे काय ते वही पाहून ठरवायचे. असल्यास त्याच्या समाजसेविकेला गाठायचे आणि कोर्टात हजर राहायला लावायचे. नाव पुकारले गेले की कोणीतरी उठून उभे राहिले पाहिजे, एवढेच. किरकोळ आरोपांच्या बाबतीत ही विषमता एवढ्यानेच कमी झाली. यात कोणी न्यायाधीश अधिक दयाळू झाला नव्हता. केवळ रिकामा बाक भरला होता.

इथे कोणी म्हणेल, की मग सरकारनेच पुरते बाप व्हावे. हा प्रयोग होऊन गेला आहे. १८९९ साली शिकागोला मुलांचे पहिले स्वतंत्र कोर्ट निघाले ते याच भावनेने. तिथे फिर्याद नको, वकील नको, न्यायाधीशाने वडिलांसारखे मुलाला जवळ बसवून समजवावे, अशी कल्पना होती. तीत शिकागोच्या थोर स्त्रियांचे कष्ट होते आणि तिची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. पण १९६४ साली ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीला फोनवर अचकट विचकट बोलल्याचा आळ आला. आई कामावरून घरी येते तो मुलगा नाही. त्याला नेल्याचे तिला कोणी कळवलेही नव्हते. फिर्यादी बाई कोर्टात आलीच नाही. वडिलांसारख्या न्यायाधीशाने मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, सुधारगृहात धाडले. हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद! १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला, आणि मुलालाही वकील हवा, आरोपाची आगाऊ सूचना हवी, असे ठरवले. मला हा निकाल रास्त वाटतो. बापाचा मुखवटा न्यायासनावर चढवला की मुलाला ना बाप मिळतो ना न्याय. न्यायाधीशाने न्यायाधीशच राहावे. बापपण जिथे मूल जेवते आणि झोपते तिथे हवे. आणि नेमके तिथेच सरकार फौजदाराचा फोन उचलून बसलेले असते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. पाठीशी घालणे हे जर आईबापांचे काम, तर न्यायाचे काय? आपल्या मनात याची दोन चित्रे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. कन्फ्यूशियसची एक गोष्ट सांगतात. एका सरदाराने त्याच्यापाशी फुशारकी मारली, की आमच्या मुलखात एक माणूस इतका सरळ आहे की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. त्यावर कन्फ्यूशियसने उत्तर दिले त्याचा आशय असा, की आमच्याकडचे सरळ लोक निराळे. ते बाप आणि मुलगा एकमेकांना झाकतात आणि त्यातच त्यांचा सरळपणा असतो. उलट १९५७ सालचा 'मदर इंडिया' पाहून आपल्या साऱ्या देशाने डोळे पुसले, आणि त्यात तर आई पोटच्या पोराला गोळी घालते. दोन्ही गोष्टी आपल्याला पटतात याचे कारण, मला वाटते, मेंढी आणि मुलगी यांतला फरक. बिरजू गावातली मुलगी पळवून नेत असतो. तिथे आईला माफ करण्यासारखे काही उरलेलेच नसते, कारण नुकसान तिचे नव्हते.

शिवाय झाकणे म्हणजे काय, हेही आपण नीट ठरवले पाहिजे. मे २०२४ मध्ये पुण्याला कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या भारी मोटारीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण जिवांना चिरडल्याचा आरोप झाला. बाल न्याय मंडळाने प्रथम जामीन देताना ज्या अटी घातल्या त्यांत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक होती, आणि त्यावर उसळलेला संताप वाचकांच्या स्मरणात असेल. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून पुढे त्याच्या आईवडिलांनाही अटक झाली. या आरोपांचा निवाडा कोर्ट करील. मला त्यावर काही म्हणावयाचे नाही. पण आपला संताप निबंधावर होता तितकाच एका गोष्टीवर होता: त्या मुलाच्या मागे फार माणसे उभी होती. त्याच सुमारास राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या मंडळापुढे एखादे मूल असे उभे असेल की ज्याच्या मागे कोणीच नव्हते, आणि त्याच्याबद्दल कोणी संतापले नाही. मुलासमोर आडवे उभे राहून मेलेल्या माणसाच्या आईला न्याय मिळू न देणे ही एक गोष्ट, आणि त्याच्या शेजारी बाकावर बसणे ही दुसरी. पहिली करणारा बाप मला नको आहे. दुसरी गोष्ट मात्र खुनाचा आरोप असला तरी आईबापांनी सोडू नये, आणि ज्या सरकारने बापाची जागा घेतली त्यानेही सोडू नये.

इंग्लंडात सरकारी छायेतली मुले शंभरात एखादे, परंतु तुरुंगवजा संस्थांत डांबलेल्या मुलांपैकी निम्म्यापर्यंत मुले कधी ना कधी त्या छायेत राहून आलेली असतात, असे लॉर्ड लेमिंग यांच्या समितीने २०१६ साली दाखवून दिले. त्यानंतर २०१८ मध्ये तेथील सरकारने पोलीस आणि संस्था या दोघांसाठी एक संहिता काढली. तिची कसोटी मला फार आवडली, कारण ती कुठल्याही आजीला कळेल. फोन उचलण्यापूर्वी विचारावे: चार समंजस घरांत हेच घडले असते तर त्या आईबापांनी पोलिसांना बोलावले असते काय? ही संहिता म्हणजे, माझ्या आत्याच्या भाषेत, पाळीवरच्या माणसाला बुडीत खाती टाकण्याचा अधिकार देणे होय.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे पहिल्यांदा एक शब्द आहे. 'रिमांड होममध्ये टाकीन' ही धमकी ज्या मराठी मुलाने ऐकली नाही असे मूल माझ्या पिढीत तरी विरळा. १९२४ च्या मुंबईच्या मुलांच्या कायद्याने अनाथ, भटके आणि गुन्हा केलेले अशी सारी मुले एकाच कोर्टापुढे आणली. मुंबईत डोंगरीला ज्या वास्तूत ती राहत तिला लोकांनी एकच नाव दिले आणि तिच्यात राहणाऱ्या सर्वांना एकच कलंक. कायदा पुढे शहाणा झाला. आज बालकल्याण समिती वेगळी आणि बाल न्याय मंडळ वेगळे. बालगृह वेगळे, निरीक्षणगृह वेगळे. २०१५ च्या कायद्यात तर असे स्पष्ट लिहिले आहे, की कायद्याशी संघर्षात आलेले मूल त्याच वेळी काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूलही असू शकते, आणि म्हणून मंडळाने अशा मुलाचे प्रकरण समितीकडेही सोपवावे. २०१६ च्या नियमांनुसार घोर गुन्हा असल्याशिवाय किंवा मोठ्या माणसांबरोबर केल्याचा आरोप असल्याशिवाय मुलाविरुद्ध प्रथम खबर नोंदवायचीच नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत टिपायचे आणि त्याच्या घरची परिस्थिती लिहून मंडळाला धाडायची. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मुलाला संस्थेत न घालता आजीकडे, काकांकडे, कुटुंबातच ठेवण्यासाठी दरमहा पैसे देते. पैसे थोडे आहेत आणि वेळेवर येत नाहीत अशी तक्रार असते. पण दिशा बरोबर आहे. आजीला ताटली माफ करता येते.

शब्द मात्र बदललेला नाही. बालगृहातून शाळेत येणाऱ्या मुलाला वर्गातली मुले अजून 'रिमांडवाला' म्हणतात. वर्गात पेन हरवले की पहिला त्याचाच खिसा तपासला जातो. गोकुळातल्या गवळणीला घर ठाऊक होते म्हणून ती घरी आली. आपल्याला या मुलाचे घर म्हणून चौकीच ठाऊक आहे.

माझ्या ओळखीच्या एक बाई बरीच वर्षे एका बालगृहात काळजीवाहक होत्या. एका दिवाळीत एका मुलाची आई भेटीला येते म्हणून कळवून आली नाही, आणि त्याने तिसऱ्या मजल्यावरची काच फोडली. नियमाप्रमाणे अधीक्षकांकडे लेखी अहवाल द्यावयाचा होता. बाईंनी आपल्या पैशांनी काच आणून बसवली, मुलाकडून लांबी लावून घेतली, आणि डेडस्टॉकच्या वहीत 'वाऱ्याने फुटली' असे लिहून सही केली. मी त्यांच्याशी वाद घातला. सरकारी वहीत खोटे लिहिणे मला पटत नव्हते, आणि पूर्णपणे आजही पटत नाही. एक बाई खोटे लिहिते म्हणून एक मूल वाचते, ही काही व्यवस्था नव्हे. त्या म्हणाल्या, "अहो, मग लिहू काय? 'माफ केले' असा रकाना त्या वहीत आहे कुठे?"

पुढे तपासणीला साहेब आले. वही चाळताना ते त्या ओळीवर थांबले आणि दिवाळीत एवढा कसला वारा सुटला होता, म्हणून त्यांनी विचारले.

"तिसऱ्या मजल्यावर असतो, साहेब," बाई म्हणाल्या. साहेबांनी खाली सही केली.